स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं

आमच्या शहरात माणूस बरा आहे की नाही, हे त्याच्या कुरकुरीवरून ओळखतात. जुन्या काळी इथल्या खलाशांपुढे दोन करार ठेवत, असं सांगतात. एक जास्त पगाराचा, पण तोंड बंद ठेवायचा. दुसरा कमी पगाराचा, पण कुरकुरायची मुभा असलेला. जेनोवाचे खलाशी दुसरा घ्यायचे. गोष्ट खरी असो नसो, माझे बाबा जन्मभर त्या दुसऱ्या करारावर जगले. पीठ जाडंभरडं, लाकूड ओलं, वारा भलत्याच दिशेचा, पाद्री लांबण लावणारा आणि फुटबॉलचा संघ नालायक. मागच्या मार्चमध्ये एकदा त्यांनी सुपाची वाटी पुढे ओढली, एक चमचा घेतला आणि म्हणाले, "छान झालंय." मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्यांचं नाव आगोस्तीनो दान्यीनो. सगळे गुस्तीन म्हणत. मारास्सी भागात, स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर, आमचं फारिनाताचं दुकान आहे. हरभऱ्याचं पीठ रात्रभर भिजवायचं, सकाळी वरचा फेस काढायचा, तेल घातलेल्या तांब्याच्या परातीत पातळ ओतायचं आणि परात लाकडाच्या भट्टीत सरकवायची. आजोबांनी दुकान काढलं, बाबांनी चालवलं, आई गेल्यावर मी त्यांच्या हाताखाली आले. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यामागे वाचत बसायची. "पुस्तकातून पीठ निघत नाही," हे बाबांचं त्यावरचं मत. पण शहरात गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून माझ्यासाठी काहीतरी आणायचे आणि वर्तमानपत्राखाली ठेवून द्यायचे.

शहराचं नाव जेनोवा, पण आमचा संघ जेनोआ. इंग्रजांनी काढला, त्यांच्या जिभेला जमलं तसं नाव पडलं आणि आम्ही ते तसंच ठेवलं. देशातला सगळ्यात जुना संघ, आणि नऊ वेळा विजेता. शेवटचा विजय १९२४ सालचा. म्हणजे बाबांच्या जन्माच्या कितीतरी आधी सगळं संपलं होतं. त्यांनी पाहिलं ते पुढचं: दुसऱ्या विभागात घसरण, मग तिसऱ्या विभागातलं ते लाजिरवाणं वर्ष, परत चढणं, परत घसरणं. लिव्हरपूलला त्यांच्याच घरात हरवलं त्या रात्री बाबांनी भट्टी विझू दिली नाही, येईल त्याला फुकट खायला घातलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, शहरातला दुसरा संघ देशाचा विजेता झाला. त्या संघाच्या जर्सीवरचे पट्टे सायकलस्वारांसारखे, म्हणून आम्ही त्यांना सायकलवाले म्हणतो. सायकलवाले जिंकले त्या आठवड्यात आमचं दुकान बंद होतं. भट्टीला तडा गेलाय, असं बाबांनी दारावर लिहून लावलं. भट्टी धडधाकट होती.

मला जपमाळ शिकवायच्या आधी बाबांनी त्या नऊ विजयांची सालं शिकवली. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, एकोणीसशे, दोन, तीन, चार, पंधरा, तेवीस, चोवीस. आमच्या भागातल्या समर्थकांच्या मंडळात कोणी वारलं की शवपेटी दफनभूमीकडे नेताना स्टेडियमच्या उत्तरेकडच्या फाटकापाशी थांबवतात. एकजण ही सालं म्हणतो. चोवीस झालं की विचारतो, "आणि दहावा?" मग सगळे एका आवाजात म्हणतात, "चोरला!"

दहावा म्हणजे पंचवीस सालचा. दहा झाले की संघाच्या छातीवर सोनेरी तारा येतो. तो आमच्या छातीवर नाही, आणि का नाही हे मारास्सीतल्या कुणालाही विचारावं. बोलोन्याशी निर्णायक सामना होता, मिलानमध्ये. जेनोआ दोन गोलांनी पुढे. चेंडू आमच्या गोलकडे आला. पंचाने आधी कॉर्नर दिला. तेवढ्यात बोलोन्याचे लोक मैदानात घुसले, पंचाला घेरलं, बराच वेळ आरडाओरडा चालला, आणि शेवटी पंचाने कॉर्नर फिरवून गोल दिला. त्यानंतर बरोबरी, मग पुन्हा सामने, आणि अखेरचा सामना भर ऑगस्टात, भल्या सकाळी, प्रेक्षकांना दारं बंद करून. तो आम्ही हरलो. चेंडू आत गेलाच नव्हता, बाहेरून जाळीला लागला होता, हे आमच्याकडे मूल बोलायला लागलं की शिकतं.

आणि माझे आजोबा त्या गोलच्या मागे उभे होते. विशीतले होते, मित्रांबरोबर रेल्वेने गेले होते. त्यामुळे आमच्या दुकानाला मारास्सीत देवळाची नाही तरी देवळाच्या ओसरीची कळा होती. सामन्याच्या दिवशी दुकान भरलं की कोणीतरी म्हणायचं, गुस्तीन, सांग ना ते पंचवीस सालचं. बाबा हातातलं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवायचे. मग म्हणायचे, "माझा बाप गोलच्या मागे उभा होता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." एवढं बोलून ते भट्टीकडे वळायचे आणि परात बाहेर ओढायचे. मागे दुकानभर "चोर, चोर" सुरू व्हायचं. मी हे शेकडो वेळा ऐकलं, आणि पुस्तकांमध्ये वाक्यं तपासत बसणाऱ्या मला त्यात कधी काही खटकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने ठरवलं की गुस्तीनचं म्हणणं चित्रित करून ठेवायचं. तारा मागायला फुटबॉल महासंघाकडे अर्ज करायचा तर कोणीतरी साक्षीदार हवा, निदान साक्षीदाराचा मुलगा तरी. रेपेत्तोने कॅमेरावाला आणला. रेपेत्तो म्हणजे समोरचा न्हावी. त्याच्या तोंडाला त्याच्या कात्रीइतकीच धार. कॅमेरा सुरू झाला आणि बाबांना खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं, मध दिलं, तरी थांबेना. कॅमेरावाला कंटाळून गेला. मग बाबांनी कांदा घातलेली फारिनाता दोन ताटल्या भरून खाल्ली आणि त्या कॅमेरावाल्याच्या बुटांना नावं ठेवली.

सुपाच्या त्या दिवसानंतर ते अंथरुणाला खिळले, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांनी मला पलंगाजवळ बसायला सांगितलं. खिडकी उघडी होती. स्टेडियममध्ये गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"फाटकापाशी मला थांबवतील," ते म्हणाले. "थांबवू देत. नऊ म्हणू देत. पण दहावा माझ्यावर म्हणू देऊ नकोस."

मला वाटलं औषधांमुळे बोलताहेत. मी चादर नीट करायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"चेंडू आत गेला होता, ओर्नेला."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे नाही, छताकडे बघत होते. आजोबा जाळीला अगदी चिकटून उभे होते, जाळीत बोटं अडकवून. चेंडू आला आणि जाळी आतून फुगून त्यांची बोटं मागे रेटली गेली. मग गोंधळ झाला, माणसं धावली, कोणीतरी त्यांना ढकललं. परतीच्या गाडीत सगळ्यांनी त्यांना घेरलं. तू तर मागेच होतास ना? पाहिलंस ना? आजोबा म्हणाले, पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डब्यात एवढा जल्लोष झाला की पुढचं कोणी ऐकलंच नसतं, आणि आजोबांनीही ते म्हटलं नाही. जेनोवाला उतरेपर्यंत त्यांच्या नावाने गोष्ट तयार झाली होती. त्यांनी बाबांना हे सांगितलं ते म्हातारपणी, भट्टीसमोर बसून, आणि त्या दिवशी अख्खी परात करपली.

मी विचारलं, बाहेरून लागला तरी जाळी हलतेच ना?

"मीही हेच विचारलं," बाबा म्हणाले. "तर म्हणाले, गुस्तीन, मला हात आहेत."

मला राग आला. मरत असलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून तो जास्तच आला. इतकी वर्षं तुम्ही गप्प होता, मग आता माझ्या गळ्यात कशाला, असं मी बोलून गेले.

"मग कोणाला सांगू? सायकलवाल्यांना?" ते म्हणाले, आणि हसताना त्यांना खरा खोकला आला. तो शमल्यावर म्हणाले, "मी खोटं कधी बोललो नाही. पण पेटीत पडल्यावर मला परातीकडे वळता येणार नाही."

त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. एके सकाळी मी भट्टी पेटवून वर गेले तर ते गेलेले होते. डोळे मीच मिटले.

मंडळाची खोली दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका जिन्याने खाली उतरून तळघरात आहे. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गिल्योने काका बिलियर्डच्या टेबलावर घोंगडी पसरून लाल-निळ्या झेंड्याला इस्त्री करत होते. पेटीवर घालायचा झेंडा. काका जन्मभर शहराची बस चालवायचे, आणि स्टेडियममध्ये बाबांच्या शेजारची जागा त्यांची. रेपेत्तो खुर्चीत बसून त्यांना इस्त्री कशी करायची ते शिकवत होता.

काकांनीच आधी बोलायला सुरुवात केली. उद्या सालं मी म्हणावीत, असं सगळ्यांच्या मनात होतं. आजवर बाईने कधी म्हटली नाहीत, पण गुस्तीनची मुलगी म्हणजे वेगळी गोष्ट. मी म्हटलं, मी म्हणेन किंवा कोणीही म्हणा, पण नऊवर थांबायचं. दहावा नको. बाबांची तशी इच्छा होती.

रेपेत्तो खुर्चीत सरळ झाला. "म्हणजे? शेवटच्या घटकेला सायकल घेतली की काय त्याने?"

तो पुढे बोलतच राहिला, मरताना माणूस काहीही बरळतो, त्याच्या आजीने तर मरताना पोपट मागितला होता आणि घरात कधी पोपट नव्हता. पण दहावा म्हणजे गुस्तीनचाच की. त्याच्या बापानेच तर पाहिलं. गुस्तीनवर नाही म्हणायचा तर मग कोणावर म्हणायचा?

"रेपेत्तो, कॉफी घेऊन ये," काका म्हणाले.

"मला नकोय कॉफी."

"मला हवीय."

रेपेत्तो कुरकुरत जिना चढून गेला. काका इस्त्री फिरवत राहिले. मग त्यांनी मला विचारलं की गुस्तीनला असं का वाटलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी इस्त्री उचलून हवेत धरली.

"थांब पोरी. नको सांगूस."

"तुम्हीच विचारलंत ना?"

"विचारलं, चुकलं." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "मी पन्नास वर्षं त्याच्या शेजारी बसलो. माणूस वाक्य कुठे सोडतो ते मला ऐकू येत नाही असं वाटलं तुला? बस चालवणाऱ्याला मागे कोण काय बोलतोय आणि कोण काय बोलत नाहीये, दोन्ही कळतं."

"मग बाबांना कधी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

मग त्यांनी मला एक वाट सुचवली, आणि ती त्यांनी माझ्यावरच्या मायेनेच सुचवली. सालं मी म्हणावीत. चोवीस म्हणून थांबावं, मान खाली घालावी. मुलीला रडू फुटलं असं सगळे समजतील, आणि रडणाऱ्या मुलीवर कोणी ओरडत नाही. काका लगेच पेटी उचलायला सांगतील. गुस्तीनची इच्छा राहील, आणि कोणाचं काही जाणार नाही.

"म्हणजे मीही वाक्य अर्ध्यात सोडायचं," मी म्हटलं.

"तुझ्या घराला सवय आहे," काका म्हणाले. हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी झेंड्याची आधीच सरळ असलेली कड पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, "त्या अर्ध्या वाक्यावर चाळीस म्हातारे उभे आहेत, ओर्नेला. नऊ विजय आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाहीत. आमच्या वाट्याला हा एक चोरलेलाच आला."

मी घरी परत आले. बाबा खालच्या खोलीत होते, पेटी अजून उघडी होती. त्यांच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग तसेच होते. काकांचं खरं होतं, आणि बाबांचंही. बाबांना या माणसांसमोर सत्य सांगायचं असतं तर त्यांच्याकडे आयुष्य होतं. त्यांनी फक्त एवढंच मागितलं होतं की जे ते स्वतः कधी बोलले नाहीत, ते त्यांच्या अंगावर उभं राहून दुसऱ्यांनी बोलू नये. लहानशी मागणी होती. पण ती पुरी करायला मला त्यांच्यापेक्षा जास्त बोलावं लागणार होतं, की त्यांच्याइतकंच गप्प राहावं लागणार होतं, हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. चर्चमधून निघून पेटीची गाडी नदीकाठाने आली आणि फाटकापाशी थांबली. पेटी खाली उतरवून दोन तिपायांवर ठेवली. इस्त्री केलेला झेंडा वर. म्हातारे अर्धवर्तुळात उभे राहिले, टोप्या हातात. शेजारच्या तुरुंगाच्या वरच्या खिडक्यांतून कोणीतरी बघत होतं. काकांनी मला मानेने खूण केली.

मी सुरुवात केली. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. एकोणीसशे. दोन, तीन, चार म्हणताना लहानपणी बाबा माझी बोटं एकेक करून मिटवायचे ते आठवलं. पंधरा. तेवीस.

"चोवीस," मी म्हटलं, आणि थांबले.

मान खाली घालायची वेळ हीच होती. मी खाली बघितलं. झेंड्याखालून पेटीची कड दिसत होती. काकांचा श्वास मला ऐकू आला. ते "उचला" म्हणायला तोंड उघडत होते. पण त्याआधी मागून रेपेत्तोचा आवाज आला. त्यात कसलाही दुष्टावा नव्हता. मुलीचा धीर सुटला, तिला हात द्यावा, असा तो आवाज होता.

"आणि दहावा?"

माणसांनी छाती भरून श्वास घेतला. मी मान वर केली.

"नऊ," मी म्हटलं. "बाबांनी नऊ सांगितले होते. नऊच झाले."

घेतलेला श्वास कोणाला कुठे सोडावा कळेना. पुलावरून एक बस गेली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो नदीच्या बाजूला चालू लागला. त्याच्या मागोमाग आणखी एक गेला. रेपेत्तो माझ्याकडे बघत होता, चुकून कान कापल्यावर न्हावी बघेल तसा. मला वाटलं, आता पेटी उचलायला कोणी पुढे येणार नाही.

"नऊ तर नऊ," गिल्योने काका म्हणाले. आवाज नेहमीचा, चिडका. "उचला आता. ऊन लागतंय त्याला. आणि हा तिपाईचा पाय कोणी असा वाकडा ठेवलाय?"

ते स्वतः पुढच्या दांड्याला लागले. त्यांच्या वयाला ते झेपणारं नव्हतं. मग आणखी तिघे आले. रेपेत्तो आला नाही.

मी आठवड्याने दुकान उघडलं. सामन्याच्या दिवशी गर्दी कमी होती. काही जण वरच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागले, तिथली फारिनाता चिवट असते तरी. काका येत, पण बाबांचं नाव निघालं की मैदानातल्या गवताबद्दल बोलत. मंडळातला पुढचा माणूस वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत दहावा नेहमीसारखाच म्हटला गेला, जरा जास्तच जोरात. मी मागे उभी होते.

सप्टेंबरात, पहिल्याच सामन्याच्या दिवशी, रेपेत्तो आला. गल्ल्यासमोर बसला. मी ताटली पुढे ठेवली. त्याने मिरपूड घातली, एक तुकडा मोडला आणि तोंडात न घालता हातातच धरला.

"गुस्तीनच्या बापाने पाहिलं होतं ना?" तो म्हणाला.

"पाहिलं होतं," मी म्हटलं. "स्वतःच्या डोळ्यांनी."

भट्टीत परात होती, आणि ती काढायची वेळ झाली होती. मी भट्टीकडे वळले नाही. हात पुसून त्याच्यासमोर उभी राहिले आणि वाट पाहिली. काय पाहिलं, असं त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. मागे कडा करपल्याचा वास यायला लागला. तो त्यालाही आला असणार.

रेपेत्तो तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो खाल्ला, सावकाश चावला आणि ताटली थोडी मागे सारली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.